बाहीवरचा चिमटा

सहावी क च्या बाईंचा आवाज चार वर्ग ओलांडून जायचा. शेजारच्या वर्गातले शिक्षक खिडकी लावून घ्यायचे आणि तरीही त्यांच्या मुलांना इतिहासाच्या तासाला गणित ऐकू यायचं! मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘खणखणीत बाई’. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मास्तरकीत आवाज हेच भांडवल, अशी त्यांची पक्की समजूत. फळ्यावर एक उदाहरण सोडवायचं, कडाडून समजावायचं, मुलांकडे वळायचं आणि विचारायचं, “कळलं ना?” की सगळा वर्ग एका सुरात म्हणणार, “होऽऽ बाई!” तो ‘हो’ ऐकला की बाईंना कष्टाचं चीज झाल्यासारखं वाटे.

मग सहामाहीचे पेपर तपासायला घ्यायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचा. तीच उदाहरणं, तेच आकडे, आणि उत्तरांच्या नावानं बोंब! “अहो, वर्गात हो हो म्हणतात आणि पेपरात दिवे लावतात,” बाई घरी नवऱ्याला सांगायच्या. नवरा म्हणायचा, “जरा अजून समजावून सांग.” बाई दुसऱ्या दिवशी अजून मोठ्यानं समजावून सांगायच्या.

अशा रीतीनं समजावता समजावता एके सकाळी बाईंनी हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि आत नुसती हवा सरकली. आवाजच नाही!

घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि मान हलवली. “स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. ऐकलं नाहीत तर पुढं आवाज येईल की नाही, मी सांगू शकत नाही.”

बाईंनी कागदावर लिहून विचारलं, ‘आणि माझा वर्ग?’

“तो माझा विषय नाही,” डॉक्टर म्हणाले.

तो मुख्याध्यापकांचा विषय होता. हेडसर माणूस वाईट नव्हते, पण कारभाराच्या रगाड्यात पिचलेले. ते म्हणाले, “बाई, बदली शिक्षक मिळत नाही. तुम्ही रजा घ्या. क ची मुलं मी अ आणि ब मध्ये वाटून टाकतो.”

वाटून टाकतो! क तुकडी म्हणजे काय, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. अ मध्ये न बसलेली, ब मध्ये न मावलेली, अशी उरलेली मुलं. अ आणि ब चे वर्ग आधीच खचाखच भरलेले. तिथं ही मुलं मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसणार, आणि काही चुकलं की ‘ही क ची’ असं ऐकून घेणार. कोपऱ्यातल्या बाकावरची ती चष्मेवाली पोर, जिचं तोंड बाईंनी कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं, जी आत्ता कुठं रोज शाळेत यायला लागली होती, ती तर आठवड्याच्या आत घरी बसली असती. बाईंना हे लख्ख दिसत होतं.

त्यांनी हेडसरांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘रजा नको. मी शिकवीन.’

“न बोलता?” हेडसरांना हसू आवरेना. “बाई, तुम्ही?”

बाईंनी ‘मी’ या शब्दाखाली रेघ ओढली.

हेडसरांनी तो कागद घडी करून खणात ठेवला. “ठीक आहे. महिनाअखेरीस मी स्वतः वर्गावर येतो. अपूर्णांक विचारतो. मुलांना काही येत नसेल तर वर्ग मोडला म्हणून समजा. मग माझ्याकडे तक्रार नको.”

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या. घसा बसलाय हे मुलांना कळलं होतं, त्यामुळं वर्गात सणासुदीचा आनंद होता. बाईंनी डस्टर आपटून शांतता केली आणि नेहमीसारखं फळ्यावर उदाहरण मांडलं. अर्धा अधिक एक तृतीयांश. पायरीमागून पायरी लिहिली, उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मुलांकडे वळल्या.

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “होऽऽ बाई!”

बाई जागच्या जागी थिजल्या. त्यांनी विचारलंच नव्हतं! ‘कळलं ना’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघालेच नव्हते. बाई वळल्या की हो म्हणायचं, एवढंच मुलांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं आणि कानशिलं तापली. मन ठिकाणावर नव्हतं म्हणून की काय, पाच छेद सहाऐवजी त्यांनी सहा छेद पाच असं उत्तर लिहून ठेवलं होतं. अर्धा आणि तिसरा हिस्सा मिळून एकाहून जास्त! आणि त्याला अख्ख्या वर्गानं हो म्हटलं होतं.

किती वर्षं हे चाललं होतं? बाईंना रडूच कोसळलं असतं, पण रडायलाही आवाज लागतो. त्यांनी फळा पुसला आणि उरलेला तास नुसतं पुस्तकातलं उतरवून घ्यायला लावलं.

संध्याकाळी गच्चीवर सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. बाईंनी बादली उचलली. या दोघींची गंमत अशी, की सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून कमी ऐकू यायचं आणि सुनेला आता बोलता येत नव्हतं. घरात नवरा म्हणायचा, “चला, या घरात आता शांतताच शांतता!” त्यावर दोघींनी मिळून त्याला असे डोळे दाखवले होते की बिचारा चहा न घेताच कामावर गेला होता.

बोलण्याऐवजी आता जवळ ठेवलेल्या पाटीवर बाईंनी वर्गातला सगळा प्रकार लिहून सासूबाईंपुढं धरला. सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुदकन हसल्या.

“तुला आठवतं, माझा रेडिओ भंगारात गेला?”

बाईंनी मान डोलावली. त्यात हसण्यासारखं काय, ते त्यांना कळेना.

“तू खालून ओरडून विचारलंस, आई, रेडिओ देऊन टाकू का? मी म्हटलं, हो हो. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं गं! वाटलं, चहा ठेवू का विचारतेयस. संध्याकाळी बातम्या लावायला गेले तर फळी रिकामी!”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. त्यांनी घाईघाईनं लिहिलं, ‘मग तेव्हा सांगितलं का नाही? ऐकू आलं नाही, परत सांग, एवढंच तर म्हणायचं होतं!’

“एवढंच?” सासूबाईंचा आवाज चढला. “एकदा म्हटलं, परत सांग. तू परत सांगितलंस. दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा तुझ्या कपाळावर आठी आली. तिसऱ्यांदा माझा मुलगा म्हणाला, जाऊ दे आई, तुला काय करायचंय! त्या दिवसापासून मी हो म्हणायला शिकले. हो म्हटलं की माणसं खूश होतात आणि पुढं जातात. हो म्हणजे ऐकू आलं असं नव्हे, बाई. हो म्हणजे, आता मला चारचौघांत खाली मान घालायला लावू नका.”

हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. सासूबाई इतकी वर्षं याच घरात, आपल्या समोर बसून खोटं हो म्हणत होत्या, आणि आपण रोज मुलांवर चिडत होतो! बाईंनी सासूबाईंचा हात घट्ट धरला. दोघींचेही डोळे भरून आले.

“आता रडत बसू नकोस,” सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “मी इतकी वर्षं शिवणवर्ग चालवला. एकदाही कुठल्या मुलीला विचारलं नाही, कळलं का म्हणून. मी म्हणायचे, कापून दाखव. कापड वाकडं कापलं गेलं की तिलाही दिसायचं आणि मलाही. मग वाद नाही, रडारड नाही. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. तुझ्या गणितात कापायला काही नाही का?”

बाईंनी वर पाहिलं. डोक्यावर दोरी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, आणि तिच्यावर ओळीनं लाकडी चिमटे. बाई इतका वेळ त्या दोरीकडे पाहत राहिल्या की सासूबाईंनी विचारलं, “काय गं, पाऊस येतोय का?”

बाईंनी पाटीवर एकच शब्द लिहिला. ‘दोरी!’

दुसऱ्या दिवशी सहावी क मध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली. डाव्या टोकाला शून्याचं कार्ड, उजव्या टोकाला एकाचं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या कागदांच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या बाईंनी रात्री कापून आणल्या होत्या. त्यांनी वर्गातल्या वकिलाला खूण केली. वकील म्हणजे प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालणारा पोरगा. त्याच्या हातात पावाचं कार्ड दिलं, त्याच्या शेजारणीच्या हातात तिसऱ्या हिश्श्याचं, आणि दोरीकडे बोट केलं. लावा!

वकिलानं पाव ऐटीत उजवीकडे लावला. “चार मोठे की तीन? चार! म्हणून पाव मोठा.”

“काहीतरीच!” शेजारीण म्हणाली. “तसं असतं तर शंभरावा हिस्सा दोरीच्या बाहेर गेला असता!”

वर्ग हसला. बाईंची जीभ वळवळली. बरोबर उत्तर टाळूपर्यंत आलं होतं. एका दमात सांगून टाकलं असतं की विषय संपला असता. पण सांगता येत नव्हतं ना! त्यांनी ओठ दाताखाली दाबून धरला आणि दोघांपुढं एकेक पट्टी ठेवली. वकिलानं पट्टी चारात दुमडली, शेजारणीनं तिनात. दोघांनी तुकडे एकमेकांवर ठेवले. वकिलाचा तुकडा आखूड भरला. त्यानं तो उलटा करून पाहिला, ओढून पाहिला, मग गुपचूप जाऊन पावाचा चिमटा डावीकडे सरकवला. बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदा एका मुलाची चूक त्यांनी न सांगता सुधारली होती!

पण सगळं असं सुतासारखं सरळ गेलं असं समजू नका. बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक चिमटा दिला आणि फळ्यावर लिहिलं, ‘ज्याला कळलं नाही, त्यानं चिमटा बाहीला लावायचा.’ पोरांनी चिमटे नाकाला लावले, कानाला लावले, पुढच्या बाकावरच्या वेणीला लावले. बाहीला मात्र एकानंही नाही. आठवडा गेला तरी सगळ्यांच्या बाह्या मोकळ्या. म्हणजे सगळ्यांना सगळं कळलं! बाईंना आता या कळण्याची किंमत माहीत होती. शिक्षकखोलीतही टोमणे सुरू झाले होते. “काय बाई, वर्गात धुणं धुता म्हणे?” बाई हसून घ्यायच्या आणि डब्याचं झाकण जरा जोरात लावायच्या. वर्ग मोडू द्यायचा नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एके दिवशी चष्मेवालीनं अर्धा अधिक एक तृतीयांश या बेरजेचं उत्तर दोरीवर बरोबर लावलं, पण ते काढलं कसं, हे बाईंना काही केल्या समजेना. तिनं पट्ट्या भलत्याच रीतीनं दुमडल्या होत्या. पूर्वीच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, “उत्तर बरोबर आहे, पण पुस्तकाप्रमाणे कर.” या बाईंनी काय केलं? टेबलावरचा चिमटा उचलला आणि सगळ्या वर्गादेखत आपल्या स्वतःच्या बाहीला लावला!

वर्ग आ वासून पाहत राहिला. बाईंना कळलं नाही? बाईंना?

चष्मेवाली उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. “बाई, मी आधी घड्या घालून पट्टीचे सहा भाग केले,” ती इतक्या हळू म्हणाली की बाईंना जवळ जावं लागलं. “म्हणजे अर्ध्यातही सहाव्या हिश्श्याचे तुकडे येतात आणि तिसऱ्या हिश्श्यातही. मग नुसते मोजायचे.” बाईंनी तिची पट्टी हातात घेतली, घड्या मोजल्या, आणि बाहीवरचा चिमटा काढला. छेद सारखे का करायचे, हे त्या कितीतरी वर्षं घसा फोडून सांगत होत्या. या पोरीनं ते कागदावर दाखवलं होतं.

मागच्या बाकावरून टक् असा आवाज आला. वकिलानं चिमटा बाहीला लावला होता. “मला नाही कळलं,” तो तोऱ्यात म्हणाला. “सहाच का? बारा का नाही?” मग अजून एक टक्. मग अजून एक. बघता बघता निम्म्या वर्गाच्या बाह्यांवर चिमटे! बाई फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या मुलांना कळत नव्हतं आणि तरी इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता कामाला कुठून लागायचं, हे तरी दिसत होतं.

महिना संपला आणि हेडसर आले. ते स्वतः एके काळचे गणिताचे शिक्षक. खडू हातात आला की त्यांना राहवेना. “आज मी तुम्हाला अपूर्णांकांचा भागाकार सांगतो,” ते म्हणाले. “सोपा आहे. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. झालं! कळलं ना?”

वर्ग शांत. आणि मग टक्, टक्, टक्, टक्.

“हे काय आहे?” हेडसरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईंनी फळ्यावर चिमट्याचा नियम लिहून दाखवला. हेडसरांनी वर्गावर नजर फिरवली. बाहीला चिमटा नाही असं पोर शोधून सापडेना. “म्हणजे एकालाही कळलं नाही? बाई, महिनाभर तुम्ही हे शिकवलंत?”

संपलं! वर्ग मोडला! पण त्यांनी मुलांना चिमटे काढायची खूण केली नाही. काढले असते तर सगळं पुन्हा पहिल्या जागी गेलं असतं. त्या ताठ उभ्या राहिल्या.

वकील उठला. “सर, उलटा का करायचा?”

“तसा नियम आहे.”

“पण का आहे?”

हेडसर नियम पुन्हा लिहायला फळ्याकडे वळले आणि खडू तिथंच थांबला. आजवर कितीतरी वर्गांना त्यांनी हे सांगितलं होतं आणि प्रत्येक वर्ग हो म्हणाला होता. एवढा साधा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

“सर, दोरीवर दाखवू?” चष्मेवाली विचारत होती. आज तिचा आवाज फळ्यापर्यंत पोचला. तिनं अर्ध्याची पट्टी दोरीला लावली, खाली पावाची एक लावली, तिच्या शेजारी अजून एक. “अर्ध्यात पाव दोनदा बसतो. म्हणून अर्धा भागिले पाव म्हणजे दोन. तुम्ही सांगितलं तसं उलटं करून गुणलं तरी दोनच येतात. म्हणजे नियम बरोबर आहे.” तिनं चष्मा सावरला. “पण तो उलटा केल्यावर बरोबर का येतो, ते मला अजून कळलं नाही. म्हणून चिमटा ठेवलाय.”

हेडसर पहिल्या बाकावर, दोन मुलांच्या मधे, बसले. बसले म्हणजे टेकलेच. मग त्यांनी विचारलं, “पट्टी आहे का एखादी जादा?” तास संपल्याची घंटा झाली तरी हेडसर आणि वकील एकाच पट्टीला घड्या घालत होते. उठताना ते बाईंना एवढंच म्हणाले, “वर्ग मोडायचा नाही. आणि ती दोरी जरा पक्की बांधून घ्या, लोंबकळतेय.”

बाईंनी चेहरा फळ्याकडे वळवला. मुलांना वाटलं बाई फळा पुसताहेत. बाई डोळे पुसत होत्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, पण बेतानं. आवाज परत आला तो बारीक, जरासा खरबरीत. खणखणीत बाई आता खणखणीत राहिल्या नव्हत्या, आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. घरी त्या सासूबाईंच्या समोर बसून, त्यांच्या नजरेला नजर देऊन बोलू लागल्या. बाईंनी आणून दिलेल्या नव्या रेडिओवर सासूबाई बातम्या लावायच्या, आवाज इतका मोठा, की आता शेजारी खिडकी लावून घ्यायचे!

आणि मग शिक्षकांची बैठक आली. हेडसरांनी वरून आलेलं लांबलचक परिपत्रक एका दमात वाचलं. मूल्यमापन, नियोजन, अंमलबजावणी, पुन्हा मूल्यमापन. वाचून झालं, त्यांनी सवयीनं मान वर केली. “कळलं ना सगळ्यांना?”

“होऽऽ सर!” सगळे शिक्षक एका सुरात म्हणाले.

टक्.

सगळ्यांच्या माना वळल्या. बाईंच्या बाहीवर चिमटा होता. सहावीतल्या पोरांना ही गोष्ट किती जड गेली असेल, हे त्यांना त्या क्षणी कळलं. पण त्या उभ्या राहिल्या आणि आपल्या बारीक आवाजात म्हणाल्या, “नाही सर. मला नाही कळलं.”

मग ‘वर्गात धुणं धुता म्हणे’ असं विचारणारे, शाळेतले सर्वांत जुने गुरुजी खाकरले आणि त्यांनी बाईंपुढं हात पसरला. “बाई, एखादा जादा आहे का हो?”

हेडसरांनी परिपत्रक टेबलावर ठेवलं. “चिमट्यांची पिशवीच इकडे पाठवा,” ते म्हणाले. “मलाही एक लागेल.”

वाचणाऱ्यांनो, ही गोष्ट फक्त शाळेची नाही. आपण सगळेच कुठं ना कुठं हो म्हणत बसलेलो असतो. डॉक्टरांपुढं, साहेबांपुढं, कागदावर सही करताना, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना. आणि आपणही कुणाकडून तरी असाच हो वसूल करून खुशीत पुढं जात असतो. शिकवणं म्हणजे बोलणं नव्हे. ज्याच्यासमोर ‘मला नाही कळलं’ असं न घाबरता म्हणता येतं, तोच खरा शिक्षक. मग त्याच्या हाती महागडं साहित्य असो, नाहीतर कपडे वाळत घालायची दोरी. तेव्हा उद्या कुणाला ‘कळलं ना?’ असं विचाराल, तेव्हा क्षणभर थांबा, समोरच्याच्या तोंडाकडे नीट पाहा, आणि म्हणा, “दाखव बरं!”